पडद्यावर ६७, भरडीत ६३: विजेवरच्या मॅश-संचाचे परीक्षण

बार्लीच्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांचा) पाक घरी करता यावा म्हणून घेतलेल्या, पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या तीस लिटरच्या संचाचे हे परीक्षण आहे. संच नागपुरातच जुळवलेला आहे. स्टीलचा गंज (मोठे पातेले) आणि त्यात बसणारी जाळीची दुरडी हिंगणा एमआयडीसीकडच्या एका फॅब्रिकेटरने करून दिली. तापमान राखणारी कंट्रोल पेटी, तीन किलोवॉटचे एलिमेंट, पंप आणि सेन्सर हे सगळे एका विक्रेत्याकडून एकत्र मिळाले. दोघांचीही नावे मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या या प्रकारच्या बहुतेक जुळवलेल्या संचांना लागू पडतील अशा आहेत. मत आधीच सांगून टाकतो. विक्रेता ज्याची जाहिरात करतो ते ‘अंशाच्या दहाव्या भागापर्यंत अचूक तापमान’ हा संच पडद्यावर खरोखर दाखवतो. तेच तापमान धान्यातही हवे असेल, तर कंट्रोलरच्या किमतीपेक्षा पंप, सेन्सरची जागा आणि आधणाच्या पाण्याचा हिशेब यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

हा सगळा प्रकार परदेशात घरगुती बिअर करणाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीवर बेतलेला आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे यीस्टपासून पुढच्या कोणत्याही पायरीचा येथे विचार केलेला नाही. माझे काम मॅश करणे, म्हणजे माल्टची भरड ठरावीक तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवून पिष्टाची साखर करणे, आणि त्यातून निघणारा गोड रस (वर्ट) गाळून, आटवून त्याचा पाक करणे, यापाशी संपते. हा पाक पावात जातो, दुधात जातो आणि काही वेळा नुसता पोळीबरोबरही खाल्ला जातो. मॅशच्या तापमानाचा प्रश्न मात्र दोन्हीकडे अगदी एकच आहे.

माल्टमध्ये पिष्टाची साखर करणारी दोन मुख्य एन्झाइमे असतात आणि त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. बीटा-अमायलेज साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसमध्ये जोमाने काम करते आणि मुख्यतः माल्टोज ही साखर देते, पण तापमान ७० च्या घरात गेले की ते काही मिनिटांत निकामी होऊ लागते. अल्फा-अमायलेज ७० अंशांच्या आसपास उत्तम चालते आणि पिष्टाची साखळी मध्येच कोठेही तोडते, त्यामुळे उष्ण मॅशमध्ये कमी गोड पण दाटपणा देणारी डेक्स्ट्रिने अधिक उरतात. पावासाठी लागणारा गोड पाक मी ६४ अंशांवर करतो, दुधात घालण्याचा दाट माल्ट ६८ ते ६९ वर, आणि एकच पाक दोन्हीकडे वापरायचा असेल तेव्हा ६७ वर. म्हणजे ज्या अंतरात माझ्या दोन पदार्थांचा सगळा फरक सामावलेला आहे ते अंतर चार-पाच अंशांचे आहे. गॅसवर, हातात थर्मामीटर धरून आणि आच कमी-जास्त करत हे तासभर सांभाळता येते, नाही असे नाही. पण तो तास दुसऱ्या कोणत्याही कामाचा राहत नाही.

आता कंट्रोलरविषयी. पेटीत ४८ मिलिमीटर चौकोनी तोंडाचा साधा पीआयडी कंट्रोलर आहे, औद्योगिक भट्ट्यांवर आणि पॅकिंगच्या यंत्रांवर सर्वत्र दिसतो तसा. गीझरमधला थर्मोस्टॅट फक्त चालू आणि बंद एवढेच जाणतो. पीआयडी तीन गोष्टी पाहतो: आत्ता चूक किती आहे, गेल्या काही वेळात ती किती साचली आहे आणि ती कोणत्या वेगाने बदलते आहे, आणि त्यावरून एलिमेंटला किती वेळ वीज द्यायची ते ठरवतो. १९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाचे सुकाणू आपोआप धरून ठेवण्याच्या प्रश्नावर या पद्धतीची गणिती मांडणी केली होती. शंभर वर्षांनी ती माझ्या ओट्यावर बार्ली सांभाळते आहे.

मॅशसाठी ही पद्धत का हवी, हे साध्या आकडेमोडीने कळते. चार किलो भरड आणि सोळा लिटर पाणी गंजात असताना तीन किलोवॉटचे एलिमेंट पूर्ण ताकदीने चालले, तर तापमान दर मिनिटाला सुमारे अडीच अंशांनी चढते. याउलट ६७ अंशांवर पोहोचलेल्या गंजातून बाहेर जाणारी उष्णता, झाकण ठेवलेले असेल तर, दोनशे-तीनशे वॉटच्या आसपास असते. म्हणजे तापमान नुसते टिकवायचे असेल, तर एलिमेंटने एकूण वेळाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळ चालायला हवे. चालू-बंद थर्मोस्टॅट असा अर्धवट हिशेब करू शकत नाही; तो उशिरा बंद होतो, तोवर एलिमेंटच्या अंगात साचलेली उष्णता पाण्यात उतरत राहते आणि ६७ चे ७० सहज होतात. या संचातला कंट्रोलर सॉलिड स्टेट रिलेमार्फत दर दोन सेकंदांनी वीज जोडतो-तोडतो, आणि एकदा स्थिर झाल्यावर पडद्यावरचा आकडा तासभर दोन-तीन दशांशांपलीकडे हलत नाही. या बाबतीत विक्रेत्याचा दावा खरा आहे.

मात्र पेटीतून काढला आणि लावला, असे करून हे साधत नाही. कारखान्यातून आलेल्या मूळ मूल्यांवर हा कंट्रोलर पहिल्या तापवणीत ठरलेल्या तापमानाच्या तीन-चार अंश पुढे जातो आणि मग बराच वेळ खाली येण्याची वाट पाहत बसतो. ऑटोट्यूनची सोय त्यात आहे. ती चालवताना गंजात प्रत्यक्ष मॅशइतकेच पाणी हवे, पंप चालू हवा, झाकण बंद हवे आणि तापमान मॅशच्या आसपासचे हवे, कारण कंट्रोलर त्या वेळी मुद्दाम तापमान वर-खाली हेलकावून तुमच्या गंजाचा स्वभाव शिकत असतो. विक्रेत्याने दिलेल्या चतकोर माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. ऑटोट्यूननंतरही थंड पाण्यापासून सुरुवात केली की एखादा अंश वर जाणे उरतेच, कारण चढणीच्या लांबच लांब वेळात साचलेल्या चुकीचे ओझे कंट्रोलर शेवटपर्यंत वाहतो. त्यावर उपाय सोपा आहे. आधी लक्ष्य पाच अंशांनी कमी ठेवावे, तेथे आकडा ठरू द्यावा आणि मग खरे लक्ष्य द्यावे.

सेन्सर पीटी-१०० प्रकारचा आहे, आणि निवड म्हणून ती योग्यच आहे. प्लॅटिनमच्या या सेन्सरचा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम असतो. म्हणजे एका अंशामागे ०.४ ओहमहूनही कमी बदल. एवढ्या बारीक बदलावर सगळा कारभार असल्यामुळे मधल्या तारेचा स्वतःचा रोधही मोजमापात घुसतो, आणि म्हणूनच असे सेन्सर तीन तारांचे घेतात: तिसऱ्या तारेमुळे कंट्रोलरला तारेचा रोध वजा करता येतो. माझ्या संचात आलेला सेन्सर दोनच तारांचा होता आणि त्याला बारीक वायरचा दोन मीटरचा तुकडा जोडून लांबी वाढवलेली होती. अशा जोडणीत तारेपायीच जवळपास एक अंश जास्त दिसतो. तसा तो दिसलाही. पडद्यावर दशांशाचा आकडा छापायचा आणि आत पूर्ण एका अंशाची चूक ठेवायची, याला अचूकता म्हणता येत नाही. तीन तारांचा सेन्सर काही शे रुपयांत बदलून झाला, पण तो मुळातच तसा यायला हवा होता.

सेन्सर चांगला असला तरी त्याची पडताळणी करावी. बारीक कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी यांच्या गाऱ्यात त्याने शून्य दाखवले पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र नागपुरात १०० ची अपेक्षा धरू नये. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि येथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. ज्यांनी कंट्रोलरचा ऑफसेट १०० ला जुळवला त्यांनी स्वतःच्या हाताने एक अंश चूक भरून घेतली. माझ्या मते शून्य आणि ९९ या दोन्ही टोकांपेक्षा ६५ च्या आसपास, प्रयोगशाळेत वापरतात त्या काचेच्या चांगल्या थर्मामीटरशी तुलना करणे अधिक कामाचे आहे. आपल्याला तापमान हवे आहे ते तेथेच.

आता संचाच्या खऱ्या गाभ्याकडे येतो. फॅब्रिकेटरने सेन्सरचा खिसा गंजाच्या तळाशी, एलिमेंटपासून चार बोटांवर काढला होता. पंप न लावता केलेल्या मॅशमध्ये कंट्रोलर अत्यंत समाधानाने ६७ दाखवत होता, आणि त्याच वेळी दुरडीतल्या भरडीच्या मध्यात खुपसलेला थर्मामीटर ६३ वर होता; कडेला ६४, वरच्या थरात त्याहूनही कमी. भरडीचा ओला थर उष्णता फार सावकाश पुढे देतो. खालचे पाणी तापते, कंट्रोलरला वाटते काम झाले, आणि तो वीज तोडतो. कंट्रोलरकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, कारण त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो बरोबरच देत होता. या स्थितीत कितीही महागडा कंट्रोलर आणला तरी भरडीतले तापमान एका दशांशानेही सुधारणार नाही.

यावर उपाय म्हणजे पंपाने तळातला रस काढून वरून भरडीवर सोडत राहणे. संचातला पंप चुंबकीय जोडणीचा, खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या डोक्याचा आणि उकळत्या पाण्यालाही टिकणारा आहे. आवाज कमी, गळती नाही. तो स्वतःहून पाणी ओढून घेत नाही, त्यामुळे गंजाच्या तळापेक्षा खालीच बसवावा लागतो. त्यासाठी ओट्याखाली एक फळी ठोकावी लागली, एवढीच गैरसोय. पंप सुरू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत भरडीचा मध्य आणि पडदा यांतला फरक दोन अंशांवर येतो आणि पंचवीस मिनिटांच्या सुमारास तो एका अंशाच्या आत जातो. माझ्या दृष्टीने या संपूर्ण खरेदीत पैसे वसूल करणारी वस्तू हीच आहे.

पण पंपाची तोटी पूर्ण उघडू नये. प्रवाह जास्त झाला की भरड दुरडीच्या तळाशी दाबली जाऊन घट्ट बसते, रस खाली उतरेनासा होतो, आणि तळातले पाणी पंप ओढून घेत असल्यामुळे एलिमेंट उघडे पडण्याची वेळ येते. प्रवाह अगदीच कमी ठेवला, तर एलिमेंटवरून रेंगाळत जाणारा रस त्याला चिकटून करपतो आणि तो वास पाकातून शेवटपर्यंत जात नाही. वरून येणारी धार करंगळीएवढी आणि न तुटणारी असावी, भरडीवर दोन बोटे रस उभा राहावा. हे डोळ्यांनी जमवायचे काम आहे. भरड किती जाड आहे यावरही ते अवलंबून असते. पिठाच्या गिरणीवाल्याला दाणा नुसता फुटला पाहिजे, टरफल शाबूत राहिले पाहिजे, हे समजावून सांगावे लागते. त्याला ते पटत नाही, कारण त्याच्या धंद्यात तो अर्धवट दळलेला माल ठरतो.

सेन्सर मग कोठे ठेवावा, यावर दोन मते आहेत. भरडीत ठेवला तर जे मोजायचे तेच मोजले जाते, हे वरवर बरोबर वाटते. प्रत्यक्षात भरड मागे असेपर्यंत कंट्रोलर एलिमेंट तापवतच राहतो, तळातला रस ७५ च्याही पुढे जातो, आणि सगळा रस पाळीपाळीने तेथूनच फिरत असल्यामुळे त्यातले बीटा-अमायलेज तेवढ्या वेळात कायमचे मरते. पुढे भरड ६७ वर आली तरी गेलेले एन्झाइम परत येत नाही. म्हणून सेन्सर पंपातून रस बाहेर पडतो त्या नळीवर, टी-जोड लावून बसवणे मला अधिक योग्य वाटते. तेथे संचातला सर्वांत उष्ण रस मोजला जातो आणि तो लक्ष्याच्या वर जाऊ दिला जात नाही. भरड थोडी मागून येते, पण सुरक्षित राहते. फॅब्रिकेटरने तळातला खिसा बुजवून हा बदल विनातक्रार करून दिला, हे नोंदवले पाहिजे.

भरड मागून येण्याचे हे अंतर कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग मात्र यंत्रात नाही, आधणात आहे. कोरडी भरड टाकल्यावर पाणी किती थंड होणार याचे सूत्र ठरलेले आहे: एका किलोमागे जितके लिटर पाणी, त्या संख्येने ०.४१ ला भागावे. हवे असलेले तापमान आणि भरडीचे तापमान यांतल्या फरकाने त्याला गुणावे. आणि ते उत्तर हव्या असलेल्या तापमानात मिळवावे. परदेशी माहितीत भरडीचे तापमान बहुधा २० अंश धरलेले असते, आणि नागपूरकरांची गफलत तेथे होते. आपल्याकडे मे महिन्यात घरात ठेवलेले धान्य सहज ४० अंशांवर असते. जानेवारीच्या सकाळी तेच १५ वर असते. चार किलोला सोळा लिटर या प्रमाणात ६७ अंशांच्या मॅशसाठी मे महिन्यात आधण ७० अंशांच्या किंचित खाली हवे, तर जानेवारीत ७२ च्या थोडे वर. अडीच अंशांचा हा फरक कंट्रोलर भरून काढेल म्हणून सोडून दिला, तर तो भरून निघायला जी पंधरा-वीस मिनिटे जातात तीच मॅशमधली सर्वांत कामाची मिनिटे असतात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणीच चाळिशीला आलेले असते, त्यामुळे आधणाला लागणारा वेळही निम्म्याच्या जवळ येतो. कडक उन्हाचा फायदा म्हणावा असे नागपुरात फारसे काही सापडत नाही. हा एक आहे.

गंजाभोवती इन्सुलेशनचे आवरण विक्रेता जादा पैसे घेऊन देतो. हिवाळ्यात ते उपयोगी पडते. मे महिन्यात त्याची फारशी गरज नाही.

मॅश पूर्ण झाला की नाही हे घड्याळावर न सोडता आयोडीनने पाहावे. पांढऱ्या बशीत रसाचे दोन थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला आणि निळा-काळा रंग आला, तर पिष्ट शिल्लक आहे. आयोडीनचा मूळ तांबूस-पिवळा रंग कायम राहिला तर झाले. बशीतला रस परत गंजात ओतू नये, फेकून द्यावा. गोडी मोजायला संत्र्याचे बागायतदार आणि व्यापारी वापरतात तोच ब्रिक्समीटर चालतो. पंपाशिवाय आणि पंपासह केलेल्या मॅशमधला फरक मला त्यात स्पष्ट दिसला: तेवढ्याच भरडीतून, तेवढ्याच वेळात, पंप असताना रसाचा ब्रिक्स दोन-अडीचने जास्त आला.

विदर्भात राहून ज्वारी करून पाहिली नाही असे होणे शक्य नव्हते. ज्वारी भिजवून, मोड आणून, वाळवून केलेल्या माल्टवर हा संच चालतो, पण बार्लीचे वेळापत्रक तिला जसेच्या तसे लावता येत नाही. बार्लीचे पिष्ट ६० ते ६५ अंशांमध्ये फुलते. ज्वारीचे फुलायला साधारण ६८ ते ७८ अंश लागतात, म्हणजे एन्झाइमे थकू लागतात त्या तापमानाला. शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज मुळातच कमी. मॅशचे तापमान कितीही काटेकोर राखले तरी ६७ वर ज्वारीचा रस दुधाळ आणि अगोड राहतो. वर तरंगलेला एन्झाइमयुक्त रस आधी काढून बाजूला ठेवावा, उरलेली ज्वारी उकळून शिजवावी, ६५ पर्यंत निववावी आणि मग तो रस परत मिसळावा, ही जुनी पद्धत चालते. त्यात थोडी बार्ली मिसळली तर आणखी चांगली चालते. दुसरी अडचण अशी की ज्वारीला मळणीनंतर टरफल उरत नाही, त्यामुळे दुरडीत तिचा चिखल होतो आणि पंप अडतो. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमध्ये धानाचे तूस पोत्यांनी पडलेले असते. ते चांगले धुऊन भरडीत मिसळले की रस मोकळा उतरतो.

विजेच्या सुरक्षिततेबाबत विक्रेत्याला मी सर्वांत कमी गुण देतो. तीन किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टवर १३ अँपिअर. त्याला सोळा अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि नीट अर्थिंग हवे. मल्टिप्लगचा विचारही करू नये. पेटीत आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणारा स्विच, नव्हता. पाणी, धातूचा गंज आणि ओले हात एकत्र येणाऱ्या उपकरणाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसणे मला मान्य नाही. तो वायरमनकडून बसवून घेतल्यावरच मी संच वापरात आणला. दुसरी गोष्ट सॉलिड स्टेट रिलेची. या प्रवाहाला तो स्वतः सुमारे पंधरा वॉट उष्णता सोडतो, आणि पेटीत तो उष्णतावाहक लेप न लावता रंगवलेल्या पत्र्यावर नुसता स्क्रूने आवळलेला होता. अशा रिलेची क्षमता सभोवतालचे तापमान ४० च्या पुढे गेले की घटत जाते, आणि आपल्या उन्हाळ्यात पेटीच्या आत ४० हे थंड म्हणावे लागेल. मी तो उष्णता बाहेर टाकणाऱ्या, पात्यापात्यांच्या अॅल्युमिनियम हीटसिंकवर, पेटीच्या बाहेरच्या बाजूला घेतला. असा रिले बिघडतो तेव्हा बहुधा बंद पडत नाही, चालूच राहतो. म्हणून पडद्यावर शून्य आउटपुट दिसत असतानाही एलिमेंट तापत असण्याची शक्यता असते. पंपाबरोबर एलिमेंटही एका झटक्यात तोडणारा कॉन्टॅक्टर आणि त्याचे लाल बटण ही चैनीची वस्तू नव्हे. हा खर्च जाहिरातीतल्या किमतीत मिळवूनच संचाची तुलना करावी.

व्होल्टेजच्या चढउताराचा मात्र त्रास होत नाही. आमच्या भागात उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळीकडचे कूलर सुरू झाले की दाब कधी कधी २०० व्होल्टपर्यंत उतरतो. तेव्हा तीन किलोवॉटचे एलिमेंट सव्वादोन किलोवॉटच देते आणि आधणाला त्या प्रमाणात उशीर होतो. तापमान टिकवण्याच्या टप्प्यात पीआयडी तेवढी जास्त वेळ वीज देऊन हा फरक स्वतःच भरून काढतो आणि पडद्यावर त्याची चाहूलही लागत नाही.

विजेचा खर्च मॅशपुरता नगण्य आहे: सोळा लिटर पाणी तापवून तासभर टिकवायला सव्वा युनिटही लागत नाही. पाक आटवणे हे मात्र वेगळेच प्रकरण आहे. बारा-तेरा लिटर रसातून दहा लिटर पाणी उडवायचे तर केवळ त्यासाठी सव्वासहा युनिटांहून अधिक वीज जाते, आणि शेवटच्या टप्प्यात रस दाट झाला की तळातले एलिमेंट त्याला हमखास करपवते. त्यामुळे रस गाळून झाल्यावर मी तो रुंद कढईत घेऊन गॅसवर आटवतो. या संचाला ‘पाक करण्याचे यंत्र’ म्हणून विकणे चुकीचे आहे. हे मॅश करण्याचे यंत्र आहे आणि तेवढेच ते चांगले करते.

साफसफाई सोपी आहे. दुरडी उचलून रस निथळू दिला की चोथा एका दणक्यात बाहेर पडतो, आणि तो ओला असतानाच गोठ्यात गेला तर उत्तम, कारण नागपूरच्या उन्हात तो दुपारपर्यंत आंबतो. बोअरवेलचे पाणी वापरले तर एलिमेंटवर पांढरा थर लवकर चढतो. लिंबूसत्व घातलेले गरम पाणी पंपाने अर्धा तास फिरवले की तो निघतो. असे क्षारयुक्त पाणी मॅशचा सामूही वर ढकलते, आणि सामू ५.२ ते ५.६ मध्ये नसेल तर तापमानाच्या काटेकोरपणाचा निम्मा लाभ वाया जातो, म्हणून मी नळाचे पाणी गाळून वापरतो.

खरेदीनंतरच्या सेवेविषयी मिश्र अनुभव आहे. सेन्सर दोन तारांचा का दिला, या प्रश्नाला विक्रेत्याचे उत्तर ‘सगळे हेच नेतात’ असे होते. पंपाच्या डोक्याचा रबरी ओ-रिंग मात्र मागितल्याबरोबर मिळाला, आणि तोच सर्वांत आधी झिजतो. संच घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तीन तारांचा पीटी-१००, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पंपाच्या बाहेरच्या नळीवर सेन्सरसाठी टी-जोड. विक्रेता यांतल्या पहिल्या दोनांना नाही म्हणत असेल, तर गंज आणि दुरडी फॅब्रिकेटरकडून करून घ्यावी, बाकीचे भाग सुटे आणावेत आणि पेटी एखाद्या जाणकार वायरमनकडून जोडून घ्यावी. हिशेब केला तर ते थोडे स्वस्तच पडते.